व्हँकुव्हर ते ऑकलंड, चौदा तास

माझा मुलगा ऑकलंडला असतो आणि मुलगी व्हँकुव्हरला. मी भाईंदर पश्चिमेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. इथून मुलाकडे जायला वीस-एकवीस तास लागतात, मधे एकदा विमान बदलून. मुलीकडे जायला बावीसपासून तीसपर्यंत कितीही, मधल्या विमानतळावर किती वेळ बसवून ठेवतात त्यावर. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. पण मुलीच्या गावाहून मुलाच्या गावाला किती तास लागतात, हे मी शहात्तर वर्षांची होईपर्यंत कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नाही. मला वाटायचं, या दोन आकड्यांची बेरीज केली की झालं.

ही बेरीज डोक्यात कुठून आली ते सांगते. मी शिकले चौथीपर्यंत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खोलीच्या शाळेत. तिथे भिंतीवर जगाचा नकाशा होता, कापडाला चिकटवलेला, घडीवर फाटलेला. त्यात आपला देश जवळजवळ मधोमध. डावीकडे वर अमेरिका आणि कॅनडा. उजवीकडे अगदी खाली, कोपऱ्यातल्या खिळ्याजवळ, दोन बारीक तुकडे, ते न्यूझीलंड. गुरुजी लाकडी पट्टीने दाखवायचे. पृथ्वी गोल आहे, संत्र्यासारखी, हेही त्यांनीच शिकवलं. मी ते पाठ करून साहेबांच्या तपासणीत घडाघडा म्हणून दाखवलं होतं आणि मला शाबासकी मिळाली होती. पण पाठ झालं तेवढंच. डोक्यात राहिला तो नकाशा. डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला जायचं म्हणजे मधून जावं लागणार, आणि मधे मी.

मी स्वतः विमानात बसले ती एकदाच. नवरा होता तेव्हा आम्ही दोघं मुलाकडे तीन महिने राहून आलो. जाताना काही झालं नाही. येताना उतरले तेव्हा डावी पोटरी मडक्याएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गुठळी आहे. पोटात इंजेक्शनं घेतली, सहा महिने गोळ्या घेतल्या. यापुढे पाच-सहा तासांच्या वर विमानात बसायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, पाच-सहा तासांत कुठे कुठे जाता येतं? ते म्हणाले, दुबईला जाऊ शकता. दुबईला माझं कोणी नाही.

तेव्हा मी जाण्याचा प्रश्न मिटला. आता मुलांनीच यायचं. मुलगा दर दोन वर्षांनी येतो, पंधरा दिवस राहतो, नळ आणि पंखे दुरुस्त करून जातो. मुलीला येऊन सात वर्षं झाली. तिचे वडील गेले तेव्हा विमानंच बंद होती, दोघांनाही येता आलं नाही, त्याचा मी कोणाला बोल लावत नाही. पुढे तिचं काही ना काही निघत गेलं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, रजा मोजकी, मुलाच्या परीक्षा, नवऱ्याची बदली, मग तिचा कंबरेचा मणका सरकला. कारणं सगळी खरी आहेत. ती खोटं बोलणारी नाही.

ती दर रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. फोनवर ती मला दिसते, पण खांद्यापर्यंत. सात वर्षांत मी तिला उभी पाहिलेली नाही, चालताना पाहिलेली नाही, जेवताना तिची बोटं पाहिलेली नाहीत. मला ती एकदा या घरात हवी होती, बस. सात वर्षांनी एक खेप असा हिशेब धरला तर ही खेप चुकल्यावर पुढच्या खेपेला मी त्र्याऐंशीची असणार. आमच्या घरात बायका इतकं जगत नाहीत.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका रविवारी ती म्हणाली, दादाने घर घेतलंय, तुळशीचं लग्न झालं की वास्तुशांत आहे, मी जातेय. मी म्हटलं, जा. रजा किती, असं विचारलं. अकरा दिवस म्हणाली. विमान कधीचं? शुक्रवारी संध्याकाळचं. पोचणार कधी? रविवारी पहाटे. आणि वास्तुशांत? पुढच्या शनिवारी.

सात वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हाही शुक्रवारी संध्याकाळी निघाली होती आणि रविवारी पहाटे दूधवाल्याच्या पाठोपाठ दारात उभी होती. तेव्हा मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही. रविवारी पहाटे ती भाईंदरला. बुधवारी रात्री इथून निघाली तरी शुक्रवारी भावाकडे पोचेल, शनिवारी पूजेला बसेल. म्हणजे माझ्याकडे रविवार, सोमवार, मंगळवार, आणि बुधवारही बराचसा.

कोणी म्हणेल, येतेस ना म्हणून सरळ विचारायचं होतं. आमच्याकडे तसं विचारत नाहीत. आमचं गाव एस.टी.च्या रस्त्यावर. पुढच्या गावी जाणारं आपलं माणूस वाटेत आमच्याकडे उतरणार, हे ठरलेलं. पाणी प्यायचं, भाकरी खायची, वाटलं तर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरायची. त्याला कोणी बोलवत नसे. बोलावणं परक्यांना. आपल्याच माणसाला ये म्हणणं म्हणजे तो येणार नाही असं आपल्याला वाटतं, हे तोंडावर सांगणं झालं. माझा धाकटा काका मुंबईला असायचा. एकदा तो सासुरवाडीला जाताना आमच्या थांब्यावर उतरला नाही. वडील नेमके थांब्यावर उभे होते. त्यांना तो खिडकीत दिसला, त्यालाही हे दिसले, आणि गाडी गेली. वडील त्याच्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत. आम्हा मुलांना त्यात काही जास्तीचं वाटलं नाही. काकाने केलंच होतं तसं.

मी मुलीला विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. मला ते बरोबरच वाटलं.

मी तयारीला लागले. गिझर वर्षभर बंद होता, मी गार पाण्याने अंघोळ करते, तो चालू करून घेतला. कापसाची गादी गच्चीवर दोन दिवस उन्हात घातली. ती वर न्यायला समोरच्या गुजराती भाभीची सून आली. दोघी सासवा-सुना मला मासी म्हणतात. त्यांना सांगितलं म्हणजे इमारतीला सांगितल्यासारखंच. मग जिन्यात जो भेटेल तो, बेटी कब आ रही है, असं विचारायचा. मीही सांगायची, संडे को. उत्तनहून येणाऱ्या कोळणीकडे रविवारसाठी मोठा हलवा मासा सांगून ठेवला. माशाच्या तिखल्यात लागणारी डब्यातली तिरफळं जुनी झाली होती, ती टाकून गावाहून नवी मागवली. ही एवढी धावपळ मी नवऱ्याच्या साठीलाही केली नव्हती.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी मी तिला फोन केला. मी कधी आपणहून करत नाही. माझे रात्रीचे आठ, तिची पहाट. तिने उचलल्या उचलल्या, काय झालं, असं विचारलं. मी म्हटलं, काही झालं नाही, हलवा सांगून ठेवलाय, तिखलं करू की तळू?

"कोणासाठी?" ती म्हणाली.

"तू येतेयस ना."

"आई, रविवारी मी दादाकडे पोचतेय."

"रविवारी तू इथे पोचतेयस. शुक्रवारी निघून रविवारी."

"इथे म्हणजे भाईंदरला?"

"मग काय वसईला?"

तिने मग सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ते विमान तिकडून येतच नाही. व्हँकुव्हरहून निघतं ते समुद्रावरून खाली सरळ ऑकलंडला. मधे कुठे थांबत नाही. साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास.

"समुद्र इथेही आहे," मी म्हटलं.

त्यावर ती हसली. वाईट हसली नाही, पण मला ते आवडलं नाही. चौदाच तास लागतात तर शुक्रवारी निघून रविवारी कशी पोचतेस, असं मी विचारलं. मला वाटलं, पकडली. ती म्हणाली, मधला शनिवार जातो. कुठे जातो? जातो म्हणजे समुद्रात एक रेघ आहे, खरी नव्हे, ठरवलेली, ती ओलांडली की तारीख एका दिवसाने पुढे जाते. परत येताना तो दिवस मिळतो. मी म्हटलं, म्हणजे या शनिवारचा तुला उपासच नाही. ती म्हणाली, मी उपास कधीच सोडलेत, आई. हेही मला माहीत नव्हतं.

"तू आधी का नाही विचारलंस?" तिने विचारलं.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

तिला कामावर जायचं होतं. मी फोन ठेवला आणि दूध तापवायला टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभीची सून कपडे वाळत घालत होती, तिला मी म्हटलं, जरा फोनवर मला पृथ्वी दाखव. नकाशा नको, गोल दाखव. तिने दाखवली. आधी आपला देश समोर होता. ती बोटाने फिरवत गेली. कॅनडा वरच्या कडेला आला, न्यूझीलंड खालच्या कडेला आलं, आणि मधे सगळं निळं. एवढा समुद्र मी कधी पाहिला नव्हता. आमच्या शाळेतल्या नकाशात तो अर्धा या टोकाला आणि अर्धा त्या टोकाला कापलेला होता, त्यामुळे तो एक आहे हे कळत नव्हतं. तिने एका गावावरून दुसऱ्या गावावर बोट ओढलं, तशी बारीक रेघ उमटली.

मी विचारलं, "अपुन किधर है इसमें?"

ती म्हणाली, "मासी, अपुन तो पीछे."

स्क्रीनच्या मागून बघता येत असल्यासारखं मी मान वाकडी करून पाहिलं. मग माझं मलाच कळलं आणि मी घरात आले.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. रविवार नसताना. तिने रात्रभर बसून तिकिटं पाहिली होती. तिकीट बदलता येतं, म्हणाली. व्हँकुव्हरहून मुंबई चोवीस तास, मुंबईहून ऑकलंड एकवीस. चौदाच्या जागी पंचेचाळीस. निघणार मात्र रविवारी, त्याआधी जागा नाही. मंगळवारी पहाटे भाईंदर, बुधवारी दुपारी परत विमानतळ. दीड दिवस. त्यात एक दिवस झोपेतच जाणार, कारण तिचा दिवस म्हणजे आपली रात्र. डॉक्टर कंबरेमुळे फार वेळ बसायला मना करतायत, पण ती पट्टा बांधून बसेल, मधे मधे उभी राहील.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तू म्हणत असशील तर करते."

तिच्या मागे नळ चालू होता, तिने तो बंद केला. मला दीड दिवस चालला असता. झोपली असती तरी चाललं असतं. ती आतल्या खोलीत झोपलीय आणि मी बाहेर भाजी निवडतेय, एवढंही मला पुरलं असतं. पण पंचेचाळीस तास म्हणजे काय ते मला माझ्या पायाने शिकवलं होतं. आणि तू म्हणत असशील तर, हे शब्द. मी सासूला तसंच म्हणायची. त्यात माझं स्वतःचं काही नसायचं.

"नको," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तिने एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. विचारलं नाही. तिने सुटल्यासारखा श्वास सोडला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला. मग ती भावासाठी काय नेतेय ते सांगत बसली, तांब्याचा कलश तिकडे कुठे मिळाला वगैरे. मी ऐकून घेतलं.

शुक्रवारी कोळीण दारावरून जात होती, तिला हलवा नको म्हणून सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली. तीही म्हातारीच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षं लहान असेल.

"का? लेकीनं दांडी मारली?"

"विमान इकडून जात नाही."

"आमची तं ठान्यालाच हाय," ती म्हणाली. "वरसाव्यावरनं बस हाय, तासाभराचा रस्ता. ती तरी कुठं येते."

तिने मला दोन बांगडे दिले, एका माणसापुरते, आणि गेली. तिने ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की स्वतःचं दुखणं म्हणून, ते कळलं नाही. बरं काही वाटलं नाही.

भाभीलाही सांगावं लागलं. आज ना उद्या जिन्यात विचारणारच. मी म्हटलं, नहीं आ रही, उसका प्लेन इधर से नहीं जाता. भाभी मनाने चांगली आहे. म्हणाली, कोई बात नहीं मासी, ऊपर से तो जाएगी. मी म्हटलं, ऊपर से भी नहीं जाएगी. मग तिने आत जाऊन वाटीभर हांडवो आणून दिला, त्यांच्याकडचा डाळ-तांदळाचा खमंग प्रकार.

शनिवारी सकाळी भाभीची सून आली आणि माझ्या फोनवर ते विमान लावून दिलं. विमानाचा नंबर टाकला की कुठलंही विमान कुठे आहे ते दिसतं. नऊच्या सुमारास ते सुटलं. पिवळ्या रंगाचं, नखाएवढं. त्याच्या मागे रेघ, पुढे तुटक ठिपके. खाली तास लिहिलेले, किती झाले, किती राहिले.

मी फोन चार्जरला लावून देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि कामाला लागले. केर काढला, कपडे भिजवले. दहा वाजता पाहिलं, विमान किनाऱ्यालाच. अकराला पाहिलं, किनारा सुटला होता. उपास होता म्हणून साबुदाणा भिजवला होता, तो परतला. बारा वाजता खाली निळं, एक वाजता निळं. दोन वाजता आडवी झाले, झोप लागली नाही, उठून पाहिलं, निळंच. दुपारनंतर डाव्या बाजूला चार-पाच ठिपके आले, ती हवाई नावाची बेटं. तिथेही ते उतरलं नाही.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात मी अठरा वर्षं काम केलं. भांडी पुसायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात भरायची. आठ तास बसून. तिथे वेळ जायचा, कारण हात चालू असायचे आणि शेजारणीचं तोंड. चौदा तास नुसतं एका ठिपक्याकडे बघायचं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं. आणि हा दिवस तिच्याकडे नव्हताच. शुक्रवारी रात्री ती विमानात झोपली, उठली की रविवार. तो मधला सगळा शनिवार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्याकडे होता.

चारच्या सुमाराला सून चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, हे अगदी दर मिनिटाला पुढे सरकतं, बघ. ती म्हणाली, मासी, समंदर के बीच में असली नहीं दिखता, अंदाज से दिखाते हैं. म्हणजे दुपारपासून मी बघत होते तो अंदाजच होता. मी चहा घेतला. फोन उलटा करून ठेवला आणि दहा मिनिटांनी परत सुलटा केला.

काकाचा विचार आला तो तेव्हाच. वडिलांचं बरं होतं. त्यांनी काकाला खिडकीत पाहिलं होतं. गाडी आपल्या दारावरून गेली, तो उतरला नाही, दोष कोणाचा ते स्पष्ट होतं. अकरा वर्षं त्यांना राग धरून बसता आलं. माझी मुलगी माझ्या दारावरून गेलीच नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाने गेली, भावाकडे, सरळ रस्त्याने, तिचं काही चुकलं नाही. तिने तर विचारलंही होतं, मीच नको म्हटलं. मला रागवायलासुद्धा काही मिळालं नाही. मी हे संध्याकाळपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. नाही मिळालं.

संध्याकाळी दिवा लावला. उपास सोडला, वरणभात. साडेनऊला मी झोपते, तेव्हा दीड तास राहिला होता. जागी राहून विमान लवकर पोचणार नव्हतं. फोन तसाच स्टुलावर ठेवून मी झोपले.

सकाळी उठून पाहिलं तर विमान नव्हतं. उतरलं असं लिहिलं होतं.

नऊ वाजता मुलाचा फोन आला. दोघंही एका चौकटीत, नव्या घरात, मागे उघडे खोके. तिकडे दुपार होती. दोघंही एकदम बोलत होती आणि एकमेकांना गप्प करत होती, लहानपणी करायची तशी. मुलगा म्हणाला, आई, ही विमानात चौदा तासांतले सात तास मागच्या दाराशी उभी होती, एअर होस्टेस समजून लोक हिच्याकडे पाणी मागत होते. मुलगी म्हणाली, दिलं मी, दोघांना दिलं. मलाही हसू आलं.

मी मुलाला म्हटलं, फोन तू धर आणि तिला जरा चालायला सांग.

"म्हणजे?"

"त्या टोकाला जाऊन परत येऊ दे."

ती, आई काहीतरीच, असं म्हणत गेली. खोलीच्या त्या टोकाला खिडकी होती, तिथपर्यंत गेली आणि वळली. एक हात कंबरेवर. केस कापलेत, पाठीमागून मानेवर पांढरे आहेत. डावा पाय जरा आवरून टाकते. माझी नणंद पन्नाशीनंतर अशीच चालायची. मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. परत आली आणि फोन हातात घेऊन विचारलं, पाहिलंस?

"पाहिलं. आता ऐक. तू माझ्याकडे ये. कुठे जाताना नको, वाटेत म्हणून नको. माझ्याकडेच ये आणि इथूनच परत जा. मी तुला बोलावतेय."

तिला कळलं होतं, बोलावणं परक्यांना, काकाची ती गाडी, ते सगळं तिनेही माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

"असं काय बोलतेस, आई," ती म्हणाली. "मला काय बोलवायला लागतं?"

"लागतं," मी म्हटलं.

तिने डोळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, बघते, रजेचं बघते. मी म्हटलं, बघ. मुलाने तिच्या हातातून फोन घेतला आणि मला स्वयंपाकघर दाखवायला नेलं. तिथल्या कपाटांची दारं ढकलून सोडून दिली तरी आदळत नाहीत, आपली आपण हळूहळू लागतात. त्याने एकेक दार उघडून सोडून दाखवलं. आठ होती. मी आठही पाहिली. चांगली होती.